खारट उतार

इनासच्या शिवोलीतल्या व्हरांड्यात
अकरा वर्षं टांगलेल्या होत्या त्या स्कीच्या फळ्या.
तारवटी असताना बर्गनच्या बंदरात
एका म्हाताऱ्याकडून त्यानं घेतल्या,
फेणीच्या दोन बाटल्यांच्या बदल्यात.
पावसाळ्यात त्यांच्यावर बुरशी, उन्हाळ्यात वाळत घातलेली सोलं,
एकदा तर बुलबुलाचं घरटं.
दरवर्षी ठरायचं, यंदा गुलमर्ग.
दरवर्षी कुणाचं लग्न, कुणाचं बाळंतपण, कुणाचा बॉस.

या फेब्रुवारीत शेवटी जमलं.
शुक्रवार ते रविवार, चौघं,
तिकिटं ज्यानं त्यानं आपापली काढायची.
मोपाच्या विमानतळावर आम्ही
चौतीस अंशांत लोकरीचे मोजे घालून उभे,
आणि फलकावर लाल अक्षरं:
श्रीनगरला बर्फ फार पडल्यामुळे
उड्डाण रद्द.
तुळशी हसत सुटला.
म्हणजे पूर आला की नळ कोरडा, तसंच हे, म्हणाला.
प्रज्योत तेवढा हसला नाही.
खुर्चीत मटकन बसला,
सुटल्यासारखा.

घरी कोण जाणार? घरच्यांना टाटा करून आलेलो.
तुळशीची मामी आगरवाड्याला, मिठागरवाली,
इथून अर्ध्या तासावर.

शेवटच्या वळणावर इनासनं ब्रेक मारला.
शापोऱ्याच्या काठानं चौकोन चौकोन पाणी,
आणि बांधांवर रचलेले, पुरुषभर उंचीचे,
दुपारच्या उन्हात डोळ्यांना न सोसणारे
ढीग.
कुणीच काही बोललं नाही.
इनास टपावरच्या दोऱ्या सोडायला लागला होता.

दीड सेकंद. फार तर दोन.
लाल जाकीट, फळ्या, एक आरोळी,
आणि मग कोपरापासून मनगटापर्यंत सोललेला हात
मिठात.
ती किंकाळी मांद्र्यापर्यंत गेली असावी.

मामी धावत आली नाही. चालत आली.
आधी ढीग पाहिला, मग इनासला.
"वीस दिसांचें काम तें," ती म्हणाली.
"आनी लोक खातात रे तें."
एवढंच. शिवी दिली असती तर बरं झालं असतं.

मग मोजे काढून, पँटी दुमडून
आम्ही तिच्या आगरात उतरलो.
मीठ ओढायचं म्हणजे वरचं ओढायचं,
खालचा चिखल जागा होऊ द्यायचा नाही.
माझा चिखल सारखा जागा होत होता.
माझं मीठ करडं, तुळशीचं तपकिरी,
प्रज्योतचं मात्र, कुणास ठाऊक कसं, शुभ्र.
मामीनं त्याला एकट्यालाच दुसरा कप्पा दिला.

संध्याकाळी मानशीवर बसलो,
भरतीचं पाणी आत येताना ऐकत.
तेव्हा तो म्हणाला, पाण्याकडेच बघत,
की त्याचं तिकीट नव्हतंच.
नोकरी नोव्हेंबरात गेली.
दारापर्यंत येऊन आधारकार्ड विसरलो म्हणणार होता,
वाक्य पाठ करून ठेवलं होतं.
बॅगेत एक टॉवेल, आणि वजनाला जुन्या डायऱ्या.

इनासनं पट्टी बांधलेला हात उचलला,
परत खाली घेतला.
तुळशीनं विचारलं, नारळाची वडी आहे, खाणार?
आम्हाला असल्या वेळी बोलता येत नाही.
खाल्ली. बोटांचं मीठ तिच्यात उतरलेलं.
चांगली लागली.

रविवारी निघताना फळ्या टपावर नव्हत्या.
एकीचं वाकडं टोक हातात धरून
मामी रिकाम्या कप्प्याची भुई चोपत होती,
सपाट, अजून सपाट.
"हें बरें आसा," ती म्हणाली, वर न बघता.
इनासनं दुसरीही बांधावर ठेवली.
आणि प्रज्योत म्हणाला,
मी राहतो बुधवारपर्यंत.

पैसे परत आल्याचा मेसेज मंगळवारी आला,
तिघांना.
पुढल्या वर्षीचं अजून कुणी काढलेलं नाही.
इनासच्या व्हरांड्यात खिळे मोकळे आहेत.
उपटत नाही तो.
बुलबुल येऊन बसतो म्हणे, इकडेतिकडे बघतो.